फिफ्टी-नाइंटी घेऊ का? आधी मॉनिटर सांगा

नमस्कार. मी नागपूरची, वय २८, बँकेत नोकरी. बाजूला टाकत टाकत साठवलेले तीन लाख रुपये आता गेमिंग पीसीवर खर्च करायचं ठरवलंय. सध्या भावाच्या जुन्या लॅपटॉपला मॉनिटर जोडून खेळते. मॉनिटर २४ इंची, १०८०पी, ७५ हर्ट्झ. सायबरपंक २०७७ पाथ ट्रेसिंग (प्रकाशाचे सगळे किरण मोजून चित्र काढणं) लावून खेळायचं हे कधीपासूनचं स्वप्न. शिवाय रेड डेड रिडेम्प्शन २, आणि शनिवारी रात्री मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट. सीताबर्डीतल्या एका दुकानात गेले, तर दुकानदार सगळं माझ्या भावाकडे बघून बोलत होता. एनव्हिडिया कंपनीचं सगळ्यात महाग ग्राफिक्स कार्ड दाखवून म्हणाला, "५०९० घ्या, दहा वर्षं बघायला नको." पण मग बाकीच्या मशीनला पैसे उरत नाहीत. भाऊ म्हणतो ५०८० घे. मामेभाऊ टेक्सासला असतो, तो डिसेंबरात येताना कार्ड आणेन म्हणतोय. माझी खोली वरच्या मजल्यावर, थेट गच्चीखाली. एसी नाही, कूलर आहे. घराचं वायरिंग जुनं आहे. आणि आईला वाटतंय मी ऑफिसच्या कामासाठी कॉम्प्युटर घेतेय. काय करू?

– एक वाचक, नागपूर

सप्रेम नमस्कार.

५०९० घेऊ नका. ५०८० सुद्धा नको. तुम्हाला आरटीएक्स ५०७० टीआय पुरेसं आहे, आणि वाचलेल्या पैशांतून सगळ्यात आधी मॉनिटर बदला. उत्तर एवढंच. पण तीन लाख ही कष्टाची रक्कम आहे, म्हणून मी असं का म्हणतोय ते सविस्तर लिहितो. पटलं नाही तर खुशाल तुमच्या मनाचं करा, पण सगळं माहीत असताना करा.

तुमचा आताचा मॉनिटर सेकंदाला ७५ चित्रं दाखवतो आणि प्रत्येक चित्रात साधारण २१ लाख पिक्सेल असतात. ५०९० हे कार्ड बनलंय ४के साठी, म्हणजे एका चित्रात ८३ लाख पिक्सेल, बरोबर चौपट. ते तुमच्या मॉनिटरला जोडलंत तर बहुतेक गेममध्ये कार्ड अर्धा वेळ रिकामं बसेल. प्रोसेसर धापा टाकत असेल, कार्ड त्याची वाट बघत असेल आणि पडद्यावर दिसणार ते ७५च. दुकानदाराने मॉनिटर कोणता हे विचारलंच नसणार. विचारलं असतं तर त्याला ५०९० सुचवताना अडचण वाटली असती.

म्हणून आधी पडदा ठरवा. माझं मत २७ इंची, १४४०पी, १६५ किंवा १८० हर्ट्झ. यात ३७ लाख पिक्सेल येतात. टेबलावर हाताच्या अंतरावर बसून बघताना २७ इंचात १४४०पी आणि ४के यांतला फरक दिसतो, नाही असं नाही. पण त्या फरकासाठी कार्डाला सव्वादोनपट काम करावं लागतं, आणि तेवढा मोबदला डोळ्यांना मिळत नाही. उलट १०८०पी वरून १४४०पी वर आलात की पहिल्याच संध्याकाळी रेड डेडमधलं गवत वेगळं दिसेल. व्हॅलोरंटला तर ७५ वरून १६५ हर्ट्झवर जाणं हाच मोठा बदल आहे, त्याला कार्ड कुठलंही चालतं. चांगला आयपीएस मॉनिटर २५ ते ३० हजारांत येतो. हात सैल सोडायचाच असेल तर तो इथे सोडा आणि ओलेड बघा. सायबरपंकमधली रात्र, पावसाने ओले रस्ते आणि निऑनच्या पाट्या ओलेडवर जशा दिसतात तशा कुठल्याही महागड्या कार्डाने साध्या पॅनलवर दिसणार नाहीत.

आता कार्डं. २०२५ च्या जानेवारीत ही पिढी आली तेव्हा भारतातल्या अधिकृत किमती अशा होत्या: ५०९० दोन लाख १४ हजार, ५०८० एक लाख सात हजार, ५०७० टीआय ८० हजार. प्रत्यक्षात दुकानात यापेक्षा जास्तच सांगतात, विशेषतः ५०९० ला. पण एकमेकांतलं अंतर समजायला हे आकडे पुरेत. ५०८० आणि ५०७० टीआय यांच्यात एकच चिप आहे, जीबी२०३ नावाची. ५०८० मध्ये ती पूर्ण चालू असते, १०,७५२ कोअर. ५०७० टीआयमध्ये काही भाग बंद केलेला असतो, ८,९६० कोअर. मेमरी दोघांत १६ जीबी, जीडीडीआर७, मेमरीची बस, म्हणजे माहिती ये-जा करायची वाट, तीही तीच २५६ बिटची. खेळताना फरक पडतो साधारण १५ टक्क्यांचा. म्हणजे एक कार्ड सेकंदाला ८० फ्रेम, म्हणजे चित्रं, देत असेल तिथे दुसरं ९२ देईल. यासाठी २७ हजार जास्त मोजायचे का? मी मोजणार नाही. मेमरी जास्त मिळाली असती तर एकवेळ विचार केला असता. पण तीही तेवढीच आहे, म्हणजे चार वर्षांनी एखाद्या गेमला १६ जीबी कमी पडली तर दोन्ही कार्डं एकाच दिवशी अडतील. भावाला हे नक्की सांगा.

५०९० वाईट कार्ड आहे असं माझं म्हणणं नाही. ३२ जीबी मेमरी आणि २१,७६० कोअर, त्याच्या जवळपास दुसरं काही नाही. पण ज्यांना ब्लेंडरमध्ये मोठे सीन रेंडर करायचे असतात किंवा घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवायची असतात त्यांचं ते पोट भरतं, आणि त्यांच्यामुळेच त्याची किंमत खाली येत नाही. तुम्ही त्या रांगेत उभं राहायचं कारण नाही.

"दहा वर्षं बघायला नको" हे वाक्य मात्र मला खटकलं, कारण ते ऐकून लोक कर्ज काढतात. मार्च २०१७ मध्ये जीटीएक्स १०८० टीआय आलं, ६९९ डॉलरला, ११ जीबी मेमरी. त्या काळचं सगळ्यात दणकट कार्ड, आणि ज्यांनी घेतलं त्यांनी त्याची मनापासून स्तुती केली. पण त्यात रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशाचे किरण मोजायचं, हार्डवेअर नाही. डिसेंबर २०२४ मधला इंडियाना जोन्सचा गेम आणि मे २०२५ मधला डूम या दोघांना ते हार्डवेअर लागतंच, नुसतं सेटिंग कमी करून भागत नाही. ताकद शिल्लक असताना कार्ड अडलं ते या कारणाने. पुढच्या पाच वर्षांत काय नवीन येईल ते आज कोणालाच सांगता येणार नाही, मग त्याचे पैसे आज का भरायचे? सव्वादोन लाख एकदम घालण्यापेक्षा आज ८० हजारांचं कार्ड घ्या, चार वर्षांनी ते विकून तेव्हाचं त्याच दर्जाचं घ्या. दोन्ही मिळूनही ५०९० पेक्षा स्वस्त पडेल आणि दुसरं कार्ड त्या वेळच्या तंत्राचं असेल.

पाथ ट्रेसिंगच्या स्वप्नाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. ४के वर, कुठलीही मदत न घेता, सायबरपंकचं पाथ ट्रेसिंग ५०९० वर सुद्धा सेकंदाला तीस फ्रेमच्या आतच चालतं. म्हणजे डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र एआयने मोठं करणं, सगळ्यांनाच लागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. डीएलएसएस क्वालिटीवर ठेवलं की ४के चा गेम आतून १४४०पी वर काढला जातो आणि मग मोठा केला जातो. तुमच्या १४४०पी मॉनिटरवर तो त्याहून खालून सुरू होईल, त्यामुळे ५०७० टीआयला ओझं झेपतं. डीएलएसएसचं ट्रान्सफॉर्मर नावाचं नवीन एआय मॉडेल आल्यापासून चित्रही पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वच्छ दिसतं.

फ्रेम जनरेशनचं मात्र वेगळं आहे. या पिढीतलं मल्टी फ्रेम जनरेशन सुरुवातीला एका खऱ्या फ्रेममागे तीनपर्यंत बनवलेल्या फ्रेम घालत होतं. त्याच जोरावर एनव्हिडियाच्या जेन्सन हुआंग यांनी जानेवारी २०२५ मध्ये मंचावरून सांगितलं होतं की ५४९ डॉलरचं ५०७० हे मागच्या पिढीतल्या सगळ्यात महाग ४०९० इतकी कामगिरी देतं. बनवलेल्या फ्रेम मोजल्या तर तसा आकडा दिसतो. पण तुम्ही माऊस हलवल्यावर गेम जे उत्तर देतो ते खऱ्या फ्रेमवर. मुळात ३० फ्रेम येत असतील आणि दाखवायला १२० केल्या, तर दिसेल गुळगुळीत आणि हाताला लागेल जड. तेव्हा आधी बाकीची सेटिंग जुळवून खऱ्या फ्रेम ६० च्या आसपास आणा, मग जनरेशन लावा. व्हॅलोरंटचा इथे प्रश्नच येत नाही, तो गेम एवढा हलका आहे.

आता तुमच्या खोलीकडे येतो, कारण दुकानात याबद्दल कोणी बोलणार नाही.

नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना गच्चीखालच्या खोलीत संध्याकाळी सातला सुद्धा ३८-४० अंश असतात. कार्डाचं तापमान खोलीच्या वर मोजायचं असतं. २५ अंशांच्या खोलीत जे कार्ड ६५ वर चालतं, तेच ४० अंशांच्या खोलीत ८० वर जाईल. कार्ड जळणार नाही, नव्वदीच्या जवळ गेलं की ते आपला वेग आपण कमी करतं. पण पंखे सगळा वेळ किंचाळत राहतील. दुसरी गोष्ट, कार्ड जितके वॅट खातं तितकी उष्णता खोलीत सोडतं, त्यातून सुटका नाही. ५०९० चे ५७५ वॅट, वर प्रोसेसर आणि बाकीचं, म्हणजे मे महिन्यात खोलीत हीटर लावून बसल्यासारखं. ५०७० टीआय ३०० वॅटचं आहे. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर घालून पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर आणलंत तर ते अडीचशेच्या आसपास येईल, आणि फ्रेम पडतील फक्त थोड्याशा. मार्च ते जून हे सेटिंग ठेवाच.

कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. गार हवा म्हणून मोह होतो, पण ती हवा ओलसर असते. पाण्याचे बारीक तुषार आणि त्यातले क्षार आत जाऊन फिन्सवर आणि बोर्डावर बसतात, वर धूळ चिकटते, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याचा लगदा होतो. कूलर तुमच्याकडे, कॅबिनेट झोताच्या बाहेर, भिंतीपासून वीतभर पुढे आणि खिडकी उघडी, असं ठेवा. कॅबिनेट समोरून जाळीचं घ्या. समोर काचेची बंद पाटी असलेली कॅबिनेटं फोटोत छान दिसतात, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात मी ती कोणालाच सुचवणार नाही.

वायरिंग जुनं आहे म्हणालात. मशीन घरी येण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि त्या एका बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजलं तर दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात असं पुष्कळ जण सांगतात आणि तसंच वर्षानुवर्षं वापरतात. ते अर्थिंग नसल्याचं लक्षण आहे. लाखांचं सामान त्या बोर्डाला जोडायचं नाही, आणि तुम्हीही त्याला हात लावायचा नाही. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन टाकू नका. वेगळा प्युअर साइन वेव्ह युपीएस घ्या. १००० व्हीए लिहिलेल्या युपीएसचे खरे वॅट बरेचदा सहाशेच असतात, तेव्हा वॅटचा आकडा बघून घ्या. वळवाच्या पावसात वीज गेली की गेम सेव्ह करून मशीन बंद करायला पाच मिनिटं मिळाली तरी काम झालं.

बिलाचाही अंदाज घ्या. पूर्ण मशीन भिंतीतून साधारण ४५० वॅट ओढतं असं धरलं आणि रोज तीन तास खेळलात, तर महिन्याला ४० युनिट. आकडा मोठा नाही. पण महावितरणचा दर १०० आणि ३०० युनिटला बदलतो, आणि उन्हाळ्यात कूलरमुळे तुमचं घर आधीच ३०० च्या काठावर असेल तर हे ४० युनिट वरच्या दराने पडतील.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, ८५० वॅटचा, गोल्ड रेटिंगचा, एटीएक्स ३.१ लिहिलेला घ्या. त्यात १६ पिनचा कनेक्टर थेट येतो, जोडाजोडीची अडॅप्टर वायर वापरावी लागत नाही. २०२२ मध्ये ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या. पुष्कळदा प्लग पूर्ण आत गेलेलाच नव्हता असं दिसलं आणि मग कनेक्टर सुधारला गेला. ५०९० वर अशा तक्रारी पुन्हा आल्या, कारण ५७५ वॅट म्हणजे १२ व्होल्टवर जवळजवळ ४८ अँपिअर, सोळांपैकी १२ व्होल्टच्या सहा पिनांत वाटून प्रत्येकी आठ. ५०७० टीआयला प्रत्येक पिनमधून चारच्या आसपास जातात. हा दिलासा मोठा आहे, तरी प्लग स्वतः तपासा. खटका लागल्याचा आवाज आला पाहिजे, प्लग आणि सॉकेट यांच्या मध्ये फट दिसता कामा नये, आणि वायर प्लगपासून दोन-तीन बोटं सरळ येऊन मगच वळली पाहिजे. कॅबिनेटच्या काचेला वायर दाबली जात असेल तर कॅबिनेट बदला.

एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी हा सरळ पर्याय आहे. १६ जीबी, ३०४ वॅट, साध्या ग्राफिक्समध्ये ५०७० टीआयच्या अगदी जवळ. पाथ ट्रेसिंगमध्ये ते मागे पडतं, आणि तुमचं स्वप्नच ते असल्यामुळे माझा कौल ५०७० टीआयला आहे. पण दुकानात दोघांत १५ हजारांपेक्षा जास्त फरक निघाला तर ९०७० एक्सटी घ्या. त्यात काही गमावल्यासारखं वाटणार नाही.

मामेभावाला तसदी देऊ नका. ५०७० टीआय आलं तेव्हाची, २०२५ मधली, अमेरिकेतली किंमत ७४९ डॉलर होती, पण त्यात तिथला सेल्स टॅक्स धरलेला नसतो आणि टेक्सासच्या मोठ्या शहरांत तो सव्वाआठ टक्के लागतो. डॉलर ८९ रुपये धरलात तर ७२ हजार झाले. आपल्या ८० हजारांत १८ टक्के जीएसटी आधीच आहे. राहिले आठ हजार, तेही कस्टम्सने काही मागितलं नाही तर. आणि वॉरंटी बहुतेक कंपन्या ज्या देशात विकलं त्याच देशात देतात. दीड वर्षाने पंखा गेला तर कार्ड कुरिअरने टेक्सासला पाठवणार का?

थांबूही नका. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरी वळल्यामुळे रॅमचे भाव भडकले आहेत, आणि ग्राफिक्स कार्डांवरही मेमरीच असते. ३२ जीबी डीडीआर५ रॅमचं कोटेशन सगळ्यात आधी घ्या, कारण तुमचा हिशेब चुकवणारी वस्तू आता तीच आहे. प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डी मिळाला तर उत्तम, बजेट ताणलं गेलं तर रायझन ५ ७६०० वर या. १४४०पी वर फार बिघडत नाही आणि पुढे त्याच बोर्डावर मोठा प्रोसेसर बसतो.

आईचं. ऑफिसचं काम म्हणून सांगितलंत आणि मशीन आलं की त्यात रंगीत दिवे लागणार, शनिवारी रात्री तुम्ही हेडफोन लावून ओरडणार. त्यांना आठ दिवसांत कळेल. किमतीपेक्षा त्यांना लपवल्याचं वाईट वाटेल. माझ्या कमाईतून, साठवून, माझ्या आवडीसाठी घेतेय असं सरळ सांगा. शक्य झालं तर रेड डेड सुरू करून त्यांना शेजारी बसवा आणि घोड्यावरून डोंगरात एक फेरी मारून दाखवा.

दुकानात जाताना भावाला न्या, पण यादी तुमच्या हातात ठेवा. प्रत्येक वस्तूचं पूर्ण मॉडेल नाव लिहा. नुसतं "१६ जीबी एनव्हिडिया कार्ड" किंवा "८५० वॅट एसएमपीएस" असं लिहिलेलं कोटेशन घेऊ नका. दुकानदार पुन्हा भावाकडे बघून बोलायला लागला तर "पैसे मी देतेय, मला सांगा" एवढं म्हणा. तरीही सुधारला नाही तर शेजारच्या दुकानात जा. मुंबईला जाणं होत असेल तर लॅमिंग्टन रोडवर दोन-तीन दुकानांतून तीच यादी दाखवून भाव घ्या, पण खरेदी शक्यतो नागपुरातच करा. वॉरंटीच्या वेळी जवळचं दुकान उपयोगी पडतं.

बिल जीएसटीचं, तुमच्या नावाने, आणि त्यावर कार्डाचा सीरियल नंबर. तो खोक्यावरच्या आणि कार्डाच्या मागच्या स्टिकरवरच्या नंबरशी तिथेच जुळवून बघा. खोकं फोडतानाचा व्हिडिओ काढा. मशीन सुरू झालं की दुकानातच जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडायला सांगा आणि आरओपी (चित्राचे पिक्सेल पूर्ण करणारे कार्डातले भाग) या शब्दासमोरचा आकडा वाचा. २०२५ च्या फेब्रुवारीत या पिढीतल्या काही कार्डांत तो आकडा कमी निघाला होता आणि एनव्हिडियाने ते मान्य करून बदलून द्यायची तयारी दाखवली होती. ५०७० टीआयला तिथे ९६ दिसायला हवेत. ८८ दिसले तर कार्ड घरी आणू नका.